कालचा भाव सांगणारा संगणक

"थांबा काका, कॅश क्लिअर करून पाहतो."

सेवा केंद्रातल्या पोराचं हे वाक्य ऐकलं आणि समोरच्या खुर्चीतल्या काकांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. "कॅश? भौ, मी तं शंभरच रुपये आणले. अन् ती क्लिअर कायले करतं?"

केंद्रात हशा पिकला, काकाही हसले. पण मागे रांगेत उभ्या असलेल्या आम्हा आठ-दहा जणांना विचारलं असतं, की पोरगा नेमकं काय पुसणार आहे, तर एकालाही धड सांगता आलं नसतं.

धाड हे बुलढाण्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. इथे विदर्भ संपत येतो आणि मराठवाडा सुरू होतो. त्यामुळे सेवा केंद्रावर दोन्हीकडची माणसं दिसतात. सातबारा काढायचा, तर मासरूळ-चांडोळकडच्या माणसासाठी संकेतस्थळावर अमरावती विभाग निवडायचा आणि शीव ओलांडून आलेल्या भोकरदन तालुक्यातल्या माणसासाठी छत्रपती संभाजीनगर विभाग. त्या दिवशी काम सातबाऱ्याचं नव्हतं, एका योजनेच्या अर्जाचं होतं, आणि मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. पोरगा जिल्हा निवडायचा, तालुका निवडायचा, आणि गावांची यादी कोरीच यायची. गंमत म्हणजे रांगेतल्या एकाच्या मोबाइलवर तोच अर्ज उघडला, तर यादी व्यवस्थित दिसत होती. म्हणजे संकेतस्थळ चालू होतं. घोळ या संगणकात होता.

ब्राउझरचं पेव

आपण एखादं संकेतस्थळ पहिल्यांदा उघडतो, तेव्हा एकच पान येत नाही. पानाचा मजकूर येतो, त्याच्यासोबत चित्रं, बोधचिन्ह, अक्षरांचे फॉन्ट, रंग-मांडणी ठरवणारी फाइल आणि बटण दाबल्यावर काय करायचं हे सांगणारी स्क्रिप्ट, असं बरंच सामान येतं. दर खेपेला एवढं सगळं पुन्हा आणायचं म्हणजे वेळ जातो आणि डेटाही. म्हणून ब्राउझर यातलं पुन्हा लागेल ते सामान संगणकातच एका कोपऱ्यात ठेवून देतो. पुढच्या वेळी पान उघडलं, की आधी तिथे हात घालतो. हा कोपरा म्हणजे कॅश. मराठी मेन्यूत तो 'कॅशे' असा लिहिलेला दिसतो, बोलताना मात्र सगळे कॅशच म्हणतात.

खिशातल्या कॅशशी त्याचं नातं फक्त उच्चाराचं. हा शब्द लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला. रानावनात फिरणारे शिकारी परतीच्या वाटेसाठी शिधा पुरून ठेवायचे, त्या साठ्याला कॅश म्हणत. आपल्याकडे याला फार जवळचा शब्द आहे : पेव. जमिनीत खणलेलं, वरून तोंड बंद केलेलं, धान्य राखणारं. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्धच होती. त्यांतली हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५च्या महापुरात त्यातली बरीच पेवं पाण्याखाली गेली.

संगणकात ही कल्पना आली १९६५ साली. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी मोठ्या, संथ स्मृतीच्या पुढे एक छोटी, चपळ स्मृती ठेवायची युक्ती मांडली. पुढे १९६८मध्ये आयबीएमने जाहीर केलेल्या 'सिस्टिम ३६०, मॉडेल ८५' या यंत्रात ती आली आणि 'कॅश' हे नावही तिथूनच रूढ झालं. त्या यंत्रातलं पेव होतं १६ किलोबाइटचं. आज मोबाइलवर काढलेल्या एका साध्या फोटोलाही त्याच्या कितीतरी पट जागा लागते.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ला. तेव्हा टेलिफोनवर सेकंदाला २८.८ किलोबिटचा वेग मिळाला, तरी १०० किलोबाइटचं एक चित्र उतरायला जवळजवळ अर्धा मिनिट जायचा. अशा वेळी तेच चित्र पुन्हा पुन्हा मागवणं म्हणजे घरात पाण्याचा रांजण भरलेला असताना प्रत्येक तांब्यासाठी विहिरीवर जाणं. कॅश नसती, तर इंटरनेट रडतखडतच चाललं असतं.

भाव बदलला का?

साठवणं सोपं असतं. साठवलेलं शिळं झालं की नाही, हे ओळखणं अवघड. धाडपासून जवळच भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीचा बाजार आहे. तिथे जाणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. काल संध्याकाळी फोनवर कळलेला भाव आज सकाळी धरून चाललं, तर गाडीभाडंही अंगावर येतं. मग शहाणा माणूस काय करतो? गाडी भरण्याआधी फोन लावतो : "कालचाच भाव आहे ना?" पलीकडून "तोच आहे" एवढंच उत्तर आलं, की पुढचं बोलणं संपलं.

ब्राउझर आणि संकेतस्थळ पुरवणारा पलीकडचा संगणक, म्हणजे सर्व्हर, यांच्यात नेमकं हेच बोलणं होतं. या बोलण्याची भाषा म्हणजे एचटीटीपी. १९९७च्या जानेवारीत आलेल्या तिच्या १.१ आवृत्तीत त्याचे नियम नीट घालून दिले गेले. सर्व्हर फाइल देतानाच तिची मुदत सांगतो : ही तासभर चालेल, ही वर्षभर. मुदतीत ब्राउझर काही न विचारता साठवणीतली फाइल वापरतो. मुदत टळली, की तो सर्व्हरला विचारतो, 'माझ्याकडे अमुक खुणेची फाइल आहे, बदलली का?' बदललेली नसेल, तर सर्व्हर ३०४ हा आकडा धाडतो. अर्थ : तोच भाव, तुझी जुनीच वापर. फाइल पुन्हा उतरवावी लागत नाही.

गाडी अडते ती मुदत चुकीची दिली की. संकेतस्थळ सांभाळणाऱ्याने स्क्रिप्टला महिनाभराची मुदत दिली आणि आठव्या दिवशी ती स्क्रिप्ट बदलली, तर आपल्या ब्राउझरला पत्ताच नसतो. पान नवं, स्क्रिप्ट जुनी. नवं पान गावांची यादी एका नावाने मागतं, जुनी स्क्रिप्ट दुसऱ्याच नावाने शोधते, आणि काकांच्या गावाची ओळ कोरी राहते. जाणते प्रोग्रामर म्हणूनच फाइल बदलली, की तिचं नावही बदलतात. नाव नवं असलं, की ब्राउझरला ती नव्याने आणावीच लागते. म्हणजे कॅश पुसायची वेळ आपल्यावर येते, तेव्हा बहुतेकदा चूक पलीकडची असते. निस्तरायची मात्र अलीकडच्याने.

आधी झटकावं, मग उपसावं

दिवाळीच्या साफसफाईत जाळी-जळमटं काढायला कोणी भिंत पाडत नाही. इथेही पायरी-पायरीने जावं.

पहिली पायरी : कंट्रोल आणि शिफ्ट दाबून आर. विंडोजवर बहुतेक ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि एफ-५ही चालतं. यामुळे समोरचं पान साठवण बाजूला ठेवून नव्याने येतं. पण पान उघडल्यानंतर मागाहून येणाऱ्या काही फाइली तरीही जुन्याच राहू शकतात.

दुसरी पायरी : तेच पान इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी खिडकीत उघडून पाहावं. या खिडकीचं पेव वेगळं आणि रिकामं असतं. तिथे पान नीट चाललं, तर दोष आपल्या साठवणीत, कुकीत (संकेतस्थळाने आपली ओळख राहावी म्हणून ठेवलेल्या चिठ्ठीत) किंवा ब्राउझरला वरून जोडलेल्या एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये आहे. तिथेही चाललं नाही, तर दोष बहुधा पलीकडे आहे. मग पुसापुशी करण्यात अर्थ नाही, चहा घ्यावा.

तिसरी पायरी : कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट. एक चौकट उघडते. वर कालावधी विचारला जातो : शेवटचा तास, २४ तास, ७ दिवस, ४ आठवडे की सगळाच काळ. खाली वेगवेगळ्या खुणा असतात, आणि घाई नडते ती इथेच. साठवलेली चित्रं आणि फाइली, एवढीच खूण ठेवली तर कॅश जाते, बाकी काही बिघडत नाही. कुकीची खूणही राहिली, तर बहुतेक ठिकाणांहून लॉग-आउट होतं आणि पासवर्ड आठवत बसावं लागतं. साठवलेल्या पासवर्डची खूण राहिली, तर तेही गेले.

आमच्या पोराने तिसरी पायरी केली. पान पुन्हा उघडलं, तालुका निवडला आणि यादी झरझर खाली उतरली. काकांनी आपल्या गावावर बोट ठेवलं.

या यशाने हुरळून मात्र जाऊ नये. कॅश पुसली म्हणून व्हायरस जात नाही. मुदतीच्या दिवशी गुदमरलेला सर्व्हर मोकळा होत नाही. संगणकही पळायला लागत नाही, उलट सगळं पुन्हा उतरवायचं असल्याने प्रत्येक संकेतस्थळ पहिल्या खेपेला हळू उघडतं. साठवण भरत आली, की जुनं सामान ब्राउझर आपणहून काढतो. तेव्हा रोज सकाळी कॅश पुसण्याचं व्रत घेऊ नये. मोबाइलवर तर आणखी जपावं. ॲपच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर कॅश' आणि 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' शेजारी-शेजारी असतात. पहिल्याने शिळं सामान जातं. दुसऱ्याने रेंज नसताना शेतात उभं राहून भरलेली आणि अजून वर न गेलेली माहितीसुद्धा जाऊ शकते.

जे खरंच पुसायला हवं

अर्जाची पावती हातात पडली, तरी काका उठेनात. जरा वेळ पडद्याकडे पाहून म्हणाले, "भौ, ते कॅश का काय ते तं पुसलं. मंग माह्यं आधार कार्ड पुसलं का?"

पोरगा थबकला. कॅश पुसल्याने आधार पुसलं जात नाही. स्कॅन केलेली आणि उतरवलेली कागदपत्रं डाउनलोडच्या फोल्डरमध्ये वेगळी पडून असतात. ब्राउझरच्या त्या चौकटीतली डाउनलोडची खूणही फक्त यादी पुसते, फाइल जागेवरच राहते. अर्जाच्या रकान्यात टाइप केलेले आकडे ऑटोफिलमध्ये राहू शकतात आणि पुढच्या माणसाचा अर्ज भरताना पहिला अंक टाइप केला, की आधीच्याचा नंबर खाली डोकावतो. दहा गावांची माणसं ज्या संगणकापुढे बसतात, तिथे शिळ्या चित्रांपेक्षा या गोष्टी पुसणं कितीतरी मोलाचं. अशा ठिकाणी काम खासगी खिडकीतच करावं, म्हणजे खिडकी बंद झाली की कुकी आणि टाइप केलेलं मागे उरत नाही. उतरवलेली फाइल मात्र तरीही उरते, ती हातानेच काढावी लागते. रीसायकल बिनमधूनसुद्धा.

पोराने फोल्डर उघडला. पडदाभर फाइली होत्या : आधार, बँक पासबुकं, रेशनकार्डं, कोणाकोणाचे फोटो. सरकवत गेला तरी यादी संपेना. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, आधी कोंडलेली हवा जाऊ द्यावी, असं जुनी माणसं सांगत. ही हवा मात्र किती महिन्यांची कोंडलेली होती, कोण जाणे.

त्याने काकांची फाइल शोधून काढली. शिफ्ट दाबून डिलीट केली. काका उठले, दारापर्यंत गेले आणि रांगेकडे वळून म्हणाले, "तुमचंही पाहून घ्या रे."

मग आम्ही सगळेच पुढे सरकलो.