आगीपेक्षा धूर घातक. जिने मोकळे ठेवणे गरजेचे

विशेष प्रतिनिधी, मुंबई

शहरात कोठेही आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'शॉर्टसर्किट' हे कारण ठरलेले असते. आग कशी लागली याचे उत्तर त्यातून कदाचित मिळते; पण माणसे का दगावली, याचे उत्तर मिळत नाही. ते बहुतेक वेळा इमारतीच्या जिन्यात सापडते.

गोरेगाव पश्चिमेतील जय भवानी इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे लागलेल्या आगीची सुरुवात तळमजल्यावर झाली होती. तेथे उभी असलेली वाहने आणि साठवून ठेवलेले जुने कपडे पेटले आणि धूर वरच्या मजल्यांवर पसरला. या दुर्घटनेत किमान सात रहिवाशांचा बळी गेला. त्यापूर्वी, २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारातील आगीत १४ जण मृत्युमुखी पडले. त्यातील अनेकांनी जीव वाचविण्यासाठी स्वच्छतागृहाचा आसरा घेतला होता आणि तेथेच ते गुदमरले.

धूर जिन्याकडेच का धावतो?

गरम धूर हलका असल्याने वर जातो आणि त्याला मार्ग मिळतो तो जिना, लिफ्टची पोकळी आणि विजेच्या तारांच्या डक्टचा. खालच्या मजल्यावरची आग त्यामुळे अल्पावधीत वरच्या मजल्यांवरील रहिवाशांची वाट अडवते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग असतो ना गंध. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस ज्वाळा पोहोचण्याआधीच शुद्ध हरपतो.

अग्निरोधक दरवाजे याच कारणासाठी बसवलेले असतात. ते आपोआप बंद झाले पाहिजेत. प्रत्यक्षात ते विटेचा टेकू देऊन उघडे ठेवले जातात. जिन्यावर चपलांची कपाटे, जुन्या सायकली आणि रद्दीचे गठ्ठे दिसतात. मीटरच्या खोलीत झाडू-बादल्या असतात, तर गच्चीच्या दाराला कुलूप. शांत दिवसांत ही केवळ गैरसोय वाटते. धुराने भरलेल्या अंधारात हीच अडगळ प्राणांवर बेतते.

'शॉर्टसर्किट' म्हणजे नेमके काय?

दोन तारांचा थेट संपर्क होऊन अचानक प्रचंड प्रवाह वाहणे, हा शॉर्टसर्किटचा खरा अर्थ. चांगल्या प्रतीची एमसीबी अशा वेळी क्षणार्धात वीज तोडते. मात्र घरातील अनेक आगी याहून संथ गतीने आकार घेतात. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून साधारण १,३८० वॅटपर्यंतचाच भार घेता येतो. दोन हजार वॅटचा गिझर त्याला जोडल्यास प्रवाह जवळपास नऊ अँपिअरवर जातो. प्रवाह दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते आणि तारेवरील आवरण हळूहळू वितळू लागते.

सैल झालेला जोड त्याहून फसवा. तेथे उष्णता वाढते. पण प्रवाह मर्यादेतच असल्याने एमसीबीला त्याचा पत्ता लागत नाही. बटण गरम लागणे, प्लग काळा पडणे, जळका वास येणे या खुणा दिसताच वापर थांबवून परवानाधारक वायरमनला बोलवावे. एमसीबी वारंवार पडते म्हणून तिच्या जागी अधिक क्षमतेची बसवणे म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपवण्यासारखे आहे.

कायदा आणि जबाबदारी

'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' नुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घेऊन तसे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करावे लागते. ही केवळ कागदी औपचारिकता ठरू नये, यासाठी सदस्यांनीच सोसायटीच्या वार्षिक सभेत प्रश्न विचारायला हवेत. पंप सुरू होतो का, वरच्या मजल्यावरील नळीला पाणी येते का आणि टाकीत राखीव साठा आहे का, हे तिन्ही प्रश्न सोपे आहेत.

आग लागल्यास...

* १०१ किंवा ११२ या क्रमांकावर तातडीने कळवावे. लिफ्टचा वापर कटाक्षाने टाळावा.
* जिना मोकळा असेल तर तोंडावर ओला रुमाल धरून, वाकून खाली उतरावे. जमिनीलगत धूर तुलनेने विरळ असतो.
* जिन्यात धूर कोंडला असेल तर खाली जाण्याचे धाडस करू नये. दार बंद करून फटीत ओले कापड लावावे आणि खिडकीतून मदतीसाठी खूण करावी.
* कढईतील तेल पेटल्यास पाणी टाकू नये. शेगडी बंद करून कढईवर झाकण ठेवावे.
* गॅसचा वास आल्यास विजेचे बटण चालू वा बंद करू नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात.
* खिडक्यांच्या लोखंडी जाळीत उघडता येईल असा भाग ठेवावा. त्याची किल्ली घरातील प्रत्येकाला ठाऊक असावी.

मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या भीषण स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. या सप्ताहात प्रत्येक सोसायटीने एक तास काढून जिन्यातील अडगळ हटवली आणि सर्व रहिवाशांना घेऊन बाहेर पडण्याची एकदा रंगीत तालीम केली, तरी पुष्कळ साधेल. अग्निशमन दलाची गाडी वाहतुकीतून वाट काढत पोहोचेपर्यंतची पहिली काही मिनिटे रहिवाशांच्याच हाती असतात.