झोप झाली, पण विश्रांती?

आठ तास झोपूनही सकाळी अंग ठेचून काढल्यासारखे दुखते, अशी तक्रार काही जण महिनोन् महिने करतात. रक्ततपासणी, क्ष-किरण चित्र, सारे ठीक असते. मग घरचेच म्हणू लागतात, 'हे मनाचे खेळ आहेत.' खरोखर तसे असते का? उत्तरासाठी आपल्याला झोपेत मेंदूत काय चालते ते पाहायला हवे.

झोप ही रात्रभर एकसारखी नसते. डोळे मिटून जागेच पडलो, की मेंदूत सेकंदाला साधारण 8 ते 13 वेळा होणाऱ्या अल्फा लहरी दिसतात. झोप गाढ होत जाते तशा लहरी संथ होतात. सेकंदाला 4 पेक्षा कमी वेळा होणाऱ्या लहरींना डेल्टा लहरी म्हणतात. गाढ झोप आणि स्वप्नांची झोप यांचे चक्र सुमारे दीड तासाचे असते. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागातच मिळतो.

कॅनडातील टोरांटो येथे हार्वे मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायूंच्या जुनाट दुखण्याच्या रुग्णांचे झोपेतील मेंदूलेख काढले. या विकाराला आज फायब्रोमायाल्जिया म्हणतात. त्यांच्या डेल्टा लहरींत अल्फा लहरी मिसळलेल्या आढळल्या. माणूस झोपलेला, पण मेंदू पुरता झोपलेला नाही!

मात्र आधी काय, दुखणे की मोडलेली झोप? 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सहा निरोगी व्यक्तींची गाढ झोप तीन रात्री आवाज करून मोडण्यात आली. त्यांचे अंग दुखू लागले, स्नायू दाबल्यावर अधिक दुखू लागले. पुढच्या प्रयोगात केवळ स्वप्नांची झोप मोडली, तेव्हा असे झाले नाही. हे प्रयोग लहान होते आणि नंतर सर्वांनाच हाच निष्कर्ष मिळाला असे नाही. परंतु 2019 मध्ये अमेरिकेतील बर्कली येथील संशोधकांनी निरोगी तरुणांना रात्रभर जागवले, तेव्हा त्यांना कमी उष्णतेचा चटकाही वेदनादायक वाटला. मेंदूतील संवेदना टिपणारा भाग अधिक उद्दीपित झाला होता, तर वेदना आवरणाऱ्या काही भागांचे काम मंदावले होते.

म्हणजे दुखण्याने झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेने दुखणे वाढते. हे दुष्टचक्र आहे. ते मनाचे खेळ नव्हेत. झोप सुधारली म्हणजे रोग बरा झाला असेही नाही, पण चक्र एका जागी तरी सैल करता येते. रोज ठरावीक वेळी उठावे, दुपारची झोप आखूड ठेवावी, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. चहा-कॉफीतील कॅफीन निम्मे कमी व्हायलाच सुमारे पाच तास लागतात. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडणे असे काही असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवावे.

एक सोपा उपक्रम सुचवावासा वाटतो. दोन आठवडे वहीत झोपण्याची व उठण्याची वेळ, मधली जाग आणि सकाळचे दुखणे किंवा थकवा (0 ते 10) नोंदवा व त्यांचा आलेख काढा. दुखणे सांगणाऱ्याला 'रात्री झोप कशी लागली?' असे विचारायला आपण एवढ्यानेही शिकू.