दंत महाविद्यालयं: यादीतली आणि ओपीडीतली

नीटचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत एक वेगळाच अभ्यास सुरू होतो. एमबीबीएसला मार्क पुरत नाहीत हे कळून चुकलेलं असतं. बीएएमएस की बीडीएस यावर घरात दोन-चार दिवस वाद होऊन बीडीएस ठरलेलं असतं. आता सीईटी सेलच्या पसंतीक्रमात कॉलेजं कोणत्या ओळीनं भरायची, इथे सगळे अडतात. मग गेल्या वर्षीचा कट-ऑफ काढला जातो आणि ज्याचा कट-ऑफ वर ते कॉलेज चांगलं, असा सोपा हिशेब होतो. कट-ऑफमध्ये शहर येतं, फी येते, वसतिगृह येतं, मामाचं घर जवळ आहे की नाही हेसुद्धा येतं. चौथ्या वर्षाचा विद्यार्थी दाढ नीट काढू शकतो का, हे मात्र त्यात कुठेच येत नाही.

थोडे जास्त चिकित्सक पालक केंद्र सरकारची एनआयआरएफ यादी उघडतात. दंत महाविद्यालयांची वेगळी क्रमवारी २०२० पासून लागते. पहिल्या वर्षी दिल्लीचं मौलाना आझाद अव्वल होतं, २०२२ मध्ये चेन्नईचं सविता. पिंपरीचं डी. वाय. पाटील या यादीत वरच्या ओळीत असतं आणि त्याच्या जाहिरातींत ते ठळक छापलेलंही असतं. पण ही यादी बनते कशी? संस्था आपली माहिती आपणच भरते, आणि संशोधनाचे गुण प्रसिद्ध झालेले लेख आणि त्यांचे इतरांनी दिलेले संदर्भ मोजून ठरतात. संदर्भ मोजायला लागलं की संदर्भ पिकवायची युक्तीही निघते. जून २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकानं ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या साथीनं सविताविषयी एक वृत्तान्त छापला. पदवीचे विद्यार्थी परीक्षेतच शोधनिबंध लिहितात आणि त्या निबंधांत संस्थेच्याच जुन्या निबंधांचे ढीगभर संदर्भ येतात, असं त्यात म्हटलं होतं. संस्थेनं गैरप्रकार नाकारला. तरी त्यानंतर २०२५ च्या क्रमवारीत मागे घेतलेल्या निबंधांसाठी गुण कापायची तरतूद आलीच.

मुद्दा एका संस्थेचा नाही. ज्या मापात विद्यार्थ्याच्या हाताला जागाच नाही, त्या मापानं दंतवैद्यकाचं शिक्षण मोजायचं आणि मग निकालावर विश्वास ठेवायचा, हे मला पटत नाही. बीडीएस हा हाताचा अभ्यास आहे. पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरायचे, दुसऱ्या वर्षी नकली डोक्यात बसवलेल्या दातांवर ड्रिल चालवायचं, मेणाच्या कडेवर कवळीचे दात मांडायचे. तिसऱ्या वर्षापासून खराखुरा माणूस खुर्चीत येतो. चार वर्षं आणि वर्षाची इंटर्नशिप. यात कॉलेज कामाचं आहे की नाही, हे ठरतं त्या तिसऱ्या वर्षापासून. खुर्चीत कोण येतं, किती येतात, आणि शेजारी कुणी शिक्षक उभा असतो का?

म्हणून सरकारी कॉलेजांपासून सुरुवात करू. भारतात दंतवैद्यकाचं पहिलं कॉलेज डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ चं, ते महापालिका चालवते. राज्य सरकारचं मुंबईतलं कॉलेज सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात, नागपूरचं १९६८ चं, छत्रपती संभाजीनगरचं १९८२ चं. एवढ्या मोठ्या राज्यात वर्षानुवर्षं सार्वजनिक पैशावर चालणारी दंत महाविद्यालयं म्हटली की ही चारच नावं घेतली जात. पुण्यासारखं शिक्षणाचं माहेरघर म्हणवणारं शहर त्यात नाही, याचं आश्चर्य वाटायला हवं.

या चौघांत मी नागपूरला झुकतं माप देईन. कारण उघड आहे: रोग. विदर्भात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, खाल्ला जातो. गुटखाबंदी २०१२ पासून आहे; खर्रा पानठेल्यावर डोळ्यांसमोर घोटून मिळतो. त्याचं फळ म्हणजे तोंड न उघडणं, ज्याला डॉक्टर सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. दोन बोटंसुद्धा आत न जाणारं पंचविशीतल्या पोराचं तोंड तिथल्या विद्यार्थ्याला पुस्तकात बघावं लागत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या पाण्यानं डागाळलेले दात येतात. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस आला तेव्हा नागपुरात वरचे जबडे काढायची वेळ आलेले रुग्ण रांगेनं आले. शस्त्रक्रियेनंतर टाळूला पडलेलं भगदाड झाकणारं कृत्रिम टाळू बनवायचं काम कृत्रिम दंतशास्त्र विभागांकडे आलं. त्या वर्षी जे तिथे इंटर्न होते त्यांनी जे पाहिलं, ते कुठल्याही शहरी कॉलेजच्या पाच वर्षांत दिसलं नसतं.

सरकारी म्हणजे सगळं गोड असं मात्र नाही. साहित्य संपतं आणि निविदा अडकते. खुर्ची बंद पडली तर दुरुस्तीला महिने जातात. बदल्यांमुळे आणि रिकाम्या जागांमुळे एखाद्या विभागात पीजीचे विद्यार्थीच शिक्षक होतात. मुंबईत तर गर्दीच इतकी की विद्यार्थ्याला दाढ काढायला मिळते पण निवांत विचारायला मिळत नाही. तरी फी आणि रुग्ण या दोन गोष्टींत त्यांच्याशी कुणी बरोबरी करत नाही.

गोव्याचं उदाहरण या बाबतीत शिकण्यासारखं आहे. बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय १९८० चं, राज्यातलं एकमेव, गोवा मेडिकल कॉलेजला लागून. सगळ्या राज्याचा अवघड रुग्ण शेवटी तिथेच येतो. विद्यार्थी कमी आणि अनुभव जास्त, असा दुर्मिळ योग तिथे जुळतो.

खासगी कॉलेजांची गोष्ट १९८३ नंतरची. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांना दार उघडलं. आधी अभियांत्रिकी, मग वैद्यकीय आणि मग दंत अशी रांग लागली. देशात आज तीनशेहून जास्त दंत महाविद्यालयं आहेत ती बहुतांश अशाच खासगी लाटेतली. इमारती चकचकीत, खुर्च्या नव्या, सीबीसीटीसारखी यंत्रं जागेवर; बऱ्याच सरकारी विभागप्रमुखांना हेवा वाटावा असं सगळं. अडचण एकच, खुर्चीत बसायला माणूस हवा. गावापासून दूर, डोंगराच्या कुशीत किंवा बायपासला बांधलेल्या कॉलेजात तो सहजी येत नाही. मग ‘कोटा’ पूर्ण करायला, म्हणजे परीक्षेला बसण्यासाठी ठरावीक कवळ्या, भरलेले दात, काढलेल्या दाढा दाखवायला, विद्यार्थी स्वतःच पेशंट शोधत फिरतात. रिक्षाचं भाडं देतात, उपचाराचे पैसे स्वतः भरतात, वसतिगृहाच्या वॉचमनच्या आईची कवळी बनवतात. इन्स्पेक्शनच्या दिवशी गाड्या भरून माणसं आणल्याच्या कहाण्या या धंद्यात इतक्या ऐकू येतात की त्यांचं कुणाला नवल राहिलेलं नाही.

याला अपवाद आहेत, आणि ते ओळखायची खूण सोपी आहे: दंत महाविद्यालयाला लागून मोठं चालतं रुग्णालय हवं. वर्ध्याजवळ सावंगीला आहे, लोणीला आहे, कऱ्हाडला आहे. पंचक्रोशीतला माणूस तापासाठी येतो आणि दातही दाखवून जातो. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व्हायची तर भूल देणारा, रक्तपेढी, अतिदक्षता विभाग लागतो. नुसत्या दातांच्या इमारतीत ते होत नाही. एकट्या उभ्या असलेल्या दंत महाविद्यालयापेक्षा अशी जागा मी नेहमी वर ठेवीन, मग तिचा कट-ऑफ काहीही असो.

आता एक गोष्ट जी पालक जवळजवळ कधीच विचारत नाहीत. परीक्षा कोण घेतं? सरकारी आणि संलग्न खासगी कॉलेजांची परीक्षा नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. ते १९९८ चं. प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच, पेपर बाहेर तपासले जातात. अभिमत विद्यापीठांची गोष्ट निराळी: तेच शिकवतात, तेच प्रश्नपत्रिका काढतात, तेच पदवी देतात, आणि त्यांचे प्रवेशही राज्याच्या सीईटी सेलकडून नव्हे, केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीमार्फत (एमसीसी) होतात. सावंगी, लोणी, कऱ्हाड, पिंपरी, पुण्यातलं भारती विद्यापीठाचं, ही सगळी या दुसऱ्या गटातली. त्यांच्यातली काही खरोखर उत्तम आहेत. पण त्यांच्या नव्वद टक्क्यांची आणि नागपूरच्या साठ टक्क्यांची तुलना करायला आज कुठलाही सामाईक आधार नाही. जेवण त्यांनीच रांधलं आणि चवही त्यांनीच सांगितली, असा हा प्रकार.

दंतवैद्यकाच्या शिक्षणातला असाच गोंधळ अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं निस्तरला. जगातलं पहिलं दंत महाविद्यालय बाल्टिमोरला १८४० मध्ये निघालं आणि नंतर तिथे नफ्यासाठी चालवलेल्या शाळांचं पेव फुटलं. कार्नेगी प्रतिष्ठानानं विल्यम गीज यांना नेमलं. दंतवैद्यकाचं शिक्षण विद्यापीठात आणि वैद्यकाच्या बरोबरीनं असावं, असं त्यांनी १९२६ च्या अहवालात ठामपणे सांगितलं. गीज हे जीवरसायनशास्त्रज्ञ, दंतवैद्य नव्हेत, म्हणजे तपासणारा बाहेरचा होता, हे त्यात मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे १९४८ च्या कायद्यानं आलेल्या दंत परिषदेचं काम दीर्घकाळ खुर्च्या, चौरस फूट आणि शिक्षकांची हजेरी मोजण्यात गेलं.

२०२३ मध्ये संसदेनं राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. त्यात अंतिम वर्षाच्या देशव्यापी सामाईक परीक्षेची तरतूद आहे. ती परीक्षा नीट घेतली गेली तर सरकारी, संलग्न आणि अभिमत सगळे पहिल्यांदाच एका रांगेत उभे राहतील. माझी शंका एवढीच की निकाल विद्यार्थ्याला दिला जाईल आणि कॉलेजवार आकडे कपाटात राहतील.

तेव्हा यंदा ज्यांच्या घरात हा अर्ज भरायचा आहे त्यांनी यादी बाजूला ठेवून सोमवारी सकाळी दहाला कॉलेजच्या ओपीडीत जावं. केसपेपरच्या खिडकीपाशी रांग आहे का, आत तिसऱ्या वर्षाच्या पोरांच्या खुर्च्या भरलेल्या आहेत का, वापरलेली हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये जातात की नुसती नळाखाली धुतली जातात, हे पाहावं. फायनल इयरच्या एखाद्या मुलीला गाठून विचारावं की पेशंट कुठून आणतेस. आणि नाशिकच्या विद्यापीठाला व नव्या आयोगाला माझी मागणी आहे की दरवर्षी प्रत्येक कॉलेजचा विषयवार निकाल, ओपीडीतली रोजची रुग्णसंख्या आणि शिक्षकांच्या भरलेल्या जागा प्रवेशफेरीच्या आधी जाहीर कराव्यात. अभिमत विद्यापीठांनाही यातून सूट देऊ नये.