जुन्या कॉन्टेसासाठी वापरलेल्या इंजिन ब्लॉकचे मूल्यमापन

प्रस्तावना :

अमेरिकेत १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओनंतर ‘मसल कार’ हा मोटारींचा वर्ग लोकप्रिय झाला. मध्यम आकाराच्या गाडीत आठ सिलिंडरचे मोठे इंजिन, हे त्याचे लक्षण. भारतात अशी मोटार तयार झाली नाही. तथापि १९८४ ते २००२ या काळात हिंदुस्थान मोटर्सने तयार केलेल्या कॉन्टेसाला तिच्या लांब बॉनेटमुळे आणि रुंद बांध्यामुळे हे बिरुद मिळाले. बांधा ब्रिटनमधील व्हॉक्सहॉलचा आणि आरंभीचे इंजिन मात्र अँबेसेडरच्या कुळातील, केवळ १४८९ सीसीचे. बिरुद आणि बळ यांत असे अंतर होते. पुढे इसुझूचे १८१७ सीसीचे पेट्रोल इंजिन आले व तेच अँबेसेडरच्या १८०० आयएसझेड या आवृत्तीतही बसविले गेले. त्यामुळे आज कॉन्टेसासाठी ब्लॉक शोधणाऱ्यास मोडीत निघालेल्या अँबेसेडरकडेही पाहता येते.

नागपुरात गांधीबाग, इतवारी, महाल अशा जुन्या पेठांतील एखाद्या घरी वडिलांच्या काळातील कॉन्टेसा उभी असेल आणि ती पुन्हा चालती करावयाची असेल, तर सर्वांत खर्चिक निर्णय ब्लॉकचा असतो. हेड, कार्ब्युरेटर, पंप हे भाग नंतर बदलता येतात. चुकीच्या ब्लॉकवर केलेले बोरिंग व बसविलेले नवे पिस्टन मात्र वाया जातात. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

तडा :

मापे घेण्यापूर्वी तडा शोधावा, कारण तडा गेलेल्या ब्लॉकची मापे घेण्यात अर्थ नाही. थंड प्रदेशांत पाणी गोठून प्रसरण पावल्याने ब्लॉक फुटतो. नागपुरात हे कारण संभवत नाही. येथे कारण उलट आहे : ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पाणी उकळून आटते, आणि तापलेल्या इंजिनात घाईने थंड पाणी ओतले जाते. ओतीव लोखंड, म्हणजे बीड, असा आकस्मिक ताण सहन करीत नाही. शिवाय कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी भरल्याने आतील पाण्याच्या वाटांत क्षार साचतात व उष्णता कोंडते. वेल्श प्लग काढून आत पाहिल्यास ही स्थिती सहज कळते; विक्रेता प्लग काढू देत नसेल तर तीही एक माहितीच आहे.

लगतच्या दोन सिलिंडरांमधील पट्टी आणि हेडच्या बोल्टांची भोके ही तड्याची नेहमीची ठिकाणे होत. जागा स्वच्छ करून घासलेट लावावे, काही वेळाने कोरडे पुसून त्यावर खडूची भुकटी टाकावी. तड्यात मुरलेले घासलेट भुकटीवर ओली रेघ उमटविते. ही जुनी रीत आजही निरुपयोगी झालेली नाही. तथापि आतील तडा तिला सापडत नाही. त्यासाठी पाण्याच्या वाटा बंद करून, हवेचा दाब देऊन, ब्लॉक पाण्यात बुडविण्याची चाचणी करावी लागते.

झीज आणि बोरिंग :

सिलिंडरची झीज सर्वत्र सारखी नसते. वरच्या रिंगेच्या थांब्याजवळ आणि पिस्टन ज्या बाजूस रेटला जातो त्या बाजूस ती अधिक असते. म्हणून बोअर गेजने वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक ठिकाणी परस्परांशी काटकोनात, अशी प्रत्येक सिलिंडरची सहा मापे घ्यावीत.

१४८९ सीसी इंजिनाचा मूळ व्यास ७३.०२५ मि.मी. आहे. कारखान्यात ‘वीस’, ‘तीस’, ‘चाळीस’ साइझ म्हणतात ते इंचाचे हजारावे भाग होत; वीस म्हणजे ०.५०८ मि.मी. समजा, एका सिलिंडरचे सर्वाधिक माप ७३.३६ आले. झीज ०.३३५ मि.मी. झाली, म्हणून वीस साइझ पुरेल असे वाटते. परंतु सर्व झीज एकाच बाजूस असेल आणि मूळ मध्य कायम ठेवून बोरिंग केले, तर वीस साइझमध्ये त्या बाजूचे केवळ ०.२५४ मि.मी. लोखंड निघते व झिजलेला पट्टा तसाच राहतो. तेथे तीस साइझच घ्यावी लागते. गंजाच्या खड्ड्यांसही हाच हिशेब लागू आहे. एका सिलिंडरचा हा निर्णय चारही सिलिंडरांना पाळावा लागतो.

चाळीस साइझला क्षमता सुमारे १५३१ सीसी होते. ही ४२ सीसींची वाढ लाभ मानू नये. तिच्यासाठी भिंतीचे अर्धा मि.मी. लोखंड खर्च झालेले असते. त्यापुढे स्लीव्ह हाच मार्ग उरतो. आधीच चाळीस झालेला ब्लॉक स्वस्त मिळतो, त्याचे कारण हेच.

मेन बेअरिंगच्या कॅपा त्याच ब्लॉकच्या आहेत काय, हेही पाहावे. ब्लॉक व कॅपा एकत्र बसवून भोक कातलेले असते. दुसऱ्या ब्लॉकची कॅप बसली तरी क्रँक सरळ रेषेत राहीलच असे नाही.

क्रमांक :

इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असतो आणि वाहनातील बदल मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येतात. २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ वाहनांना वेगळी नोंदणी दिली, परंतु त्यासाठी पन्नास वर्षांची अट आहे. १९८४ ची कॉन्टेसाही त्यात अद्याप बसत नाही. म्हणून ब्लॉक बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी आणि विक्रेत्याकडून मूळ गाडीची कागदपत्रे व पावती घ्यावी. क्रमांकाची जागा घासलेली आढळल्यास, मापे कितीही उत्तम असली तरी, तो ब्लॉक घेऊ नये.