गाळातले विष ओळखायचे कसे?

कारखान्याचे सांडपाणी खाडीत सोडले की थोड्याच वेळात ते दिसेनासे होते. त्यातली विषारी द्रव्ये मात्र नाहीशी होत नाहीत. जड धातू आणि पाण्यात सहज न विरघळणारी सेंद्रिय संयुगे मातीच्या बारीक कणांना चिकटतात व तळाशी साठत राहतात. म्हणून प्रदूषणाचा माग काढायचा तर नुसते पाणी तपासून भागत नाही, गाळ उपसावा लागतो. पण त्या गाळात तर एकाच वेळी शेकडो रसायने असतात. त्यांतले घातक कोणते?

जपानमधील मिनामाता येथे या प्रश्नाचे उत्तर मिळण्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते. मे १९५६ मध्ये तेथे एका अनोळखी आजाराची अधिकृत नोंद झाली. रोग्यांचे हातपाय बधिर होत, तोल जाई, दृष्टीचे क्षेत्र अरुंद होई. तिथले मासे खाणारी मांजरेही तडफडून मरत. संशय होता चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यावर. परंतु त्यात मँगॅनीज, सेलेनियम, थॅलियम असे अनेक संशयित होते आणि कुमामोतो विद्यापीठाचे संशोधक एकेक तपासत होते. धागा मिळाला तो लक्षणांवरून. इंग्लंडमध्ये बियाण्यांना लावायचे बुरशीनाशक बनवणाऱ्या कामगारांना मिथाइल मर्क्युरीची बाधा झाली होती. तिचे १९४० साली छापलेले वर्णन मिनामाताच्या रोग्यांशी जुळले. मग गाळ तपासला. कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी टनामागे सुमारे २ किलो पारा निघाला. नाल्यापासून दूर जावे तसे हे प्रमाण घटत गेले.

हे झाले १९५९ मध्ये. पण कंपनीने हरकत घेतली: आम्ही ॲसिटाल्डिहाइड बनवताना उत्प्रेरक म्हणून वापरतो तो असेंद्रिय पारा, तुम्ही म्हणता तो सेंद्रिय! हेतू काही असो, हरकतीत रसायनशास्त्र होते. पाऱ्याचा विषारीपणा त्याच्या रूपावर ठरतो. थर्मामीटरमधला पारा पोटात गेला तर बहुतेक सगळा तसाच बाहेर पडतो (त्याची वाफ मात्र घातक). मिथाइल मर्क्युरी आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषली जाते आणि मेंदूपर्यंत पोचते. पुढे त्याच कारखान्याच्या ॲसिटाल्डिहाइड विभागातील गाळात मिथाइल मर्क्युरी सापडली. ती तिथल्या प्रक्रियेतच तयार होत होती. आणि कंपनीच्याच रुग्णालयातील डॉ. होसोकावा यांनी तर १९५९ मध्येच ते सांडपाणी अन्नातून एका मांजराला देऊन पाहिले होते. मांजर आजारी पडले, कंपनीने निष्कर्ष दडपला. पारा सोडणे थांबले ते १९६८ मध्ये!

सजीवालाच विचारायचे, ही होसोकावांची युक्ती आज पद्धतशीरपणे वापरतात. गाळाचे सारखे भाग करून त्यांत कोळंबीच्या नात्यातले इवलेसे जलचर सोडतात. एका भागात नारळाच्या करवंटीच्या कोळशाची पूड मिसळतात. ती सेंद्रिय संयुगे धरून ठेवते. दुसऱ्यात धातू पकडणारे रेझिन, तिसऱ्यात अमोनिया शोषणारे झिओलाइट. चौथा भाग तसाच. समजा, चौथ्यात जलचर मेले आणि फक्त कोळशाच्या भागात जगले, तर संशय सेंद्रिय संयुगांवर येतो. मग तेवढाच गट द्रावकाने काढून घेतात, त्याचे पोटभाग पाडतात आणि प्रत्येकाची पुन्हा जलचरांवर परीक्षा घेतात. महागडी उपकरणे लागतात ती यानंतर, उरलेल्या चारदोन संयुगांची नावे ठरवायला.