पावती आपली, गव्हाण त्यांची

वसंतदादा पाटलांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदान तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि लोणी, संगमनेर, कोपरगाव अशा साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उसाच्या शेजारी ही कॉलेजं उभी राहिली. अशा कॉलेजांच्या लॅबमध्ये घडलेल्या पिढ्यांना प्रोग्रॅमच्या माथ्यावरच्या दोन ओळी झोपेतही म्हणता येतात: हॅश इन्क्लूड स्टडिओ डॉट एच, हॅश इन्क्लूड कोनियो डॉट एच. निळ्या पडद्याचा टर्बो सी, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ आणि प्रोग्रॅमच्या शेवटी गेटसीएच. त्या दोन ओळी कशासाठी, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असे: नाही लिहिल्या तर एरर येते.

सीचा कंपायलर एका वेळी एकच फाइल वाचतो. दुसरीकडे लिहिलेल्या फंक्शनचं नाव काय, त्याला काय द्यायचं, ते काय परत देणार, हे त्याला आधी सांगावं लागतं. ही माहिती ‘डॉट एच’ने संपणाऱ्या हेडर फाइलमध्ये असते आणि इन्क्लूडची ओळ हेडरचा मजकूर जसाच्या तसा तिथे आणून ओतते. एवढंच. म्हणजे लायब्ररी लिहिणाऱ्याच्या हेडरमधली ओळ न् ओळ परक्याच्या फाइलमध्ये जाऊन पडणार आहे. हेडर लिहिण्याच्या बहुतेक चांगल्या सवयी यातूनच निघतात. आपल्याकडे मात्र हेडर वापरायला शिकवलं, लिहायला फारसं नाही.

कोनियोचंच बघा. ते डॉसवरच्या कंपायलरांचं हेडर. १९८९ च्या सी मानकात त्याला जागा नाही. टर्बो सीवर बिनबोभाट चाललेला प्रोग्रॅम लिनक्सवर नेला की पहिल्याच पावलाला फाइल सापडत नाही म्हणून अडतो. लायब्ररीच्या हेडरने म्हणूनच शक्यतो मानकातल्या गोष्टींवरच विसंबावं. विशिष्ट यंत्रापुरतं जे असेल ते आतल्या सी फाइलमध्ये ठेवावं.

एकच हेडर दोन वाटांनी आलं तर मजकूर दोनदा पडतो. तो एकदाच धरला जावा म्हणून हेडरभोवती घातलेली अट, म्हणजे इन्क्लूड गार्ड, हा त्यावरचा जुना उपाय आहे. तेच काम करणारं ‘प्राग्मा वन्स’ मानकात नसलं तरी आजचे बहुतेक कंपायलर ते मानतात. हेडरमध्ये व्हेरिएबल जाहीर करावं, पण त्याची व्याख्या करू नये, नाहीतर लिंकर एकाच नावाच्या अनेक व्याख्या सापडल्याची तक्रार करतो.

याहून जास्त दुर्लक्ष होतं ते हेडर स्वयंपूर्ण असण्याकडे. ‘आमचं हेडर घेण्याआधी अमुक दोन हेडर घ्या’ अशी सूचना दिसली की लेखकाने आपलं काम वाचणाऱ्यावर ढकललंय, असं खुशाल समजावं. तपासणी सोपी आहे: लायब्ररीच्या प्रत्येक सी फाइलमध्ये तिचं स्वतःचं हेडर सर्वांत आधी घ्यावं. काही कमी असेल तर कंपायलर तिथेच बोलतो.

आता आतलं किती दाखवायचं? ऊस घेऊन आलेल्या शेतकऱ्याला काट्यावर वजनाची पावती मिळते. गव्हाणीत काय चाललंय, बॉयलर कोणता, याच्याशी त्या पावतीचा संबंध नसतो. कारखान्याने बॉयलर बदलला तरी पावती चालते. सीमध्ये ही सोय स्ट्रक्चरचं फक्त नाव हेडरमध्ये देऊन आणि वापरणाऱ्याच्या हाती त्याचा पॉइंटर ठेवून साधते. एफओपन जो फाइल पॉइंटर देतं, तो आपण असाच आत न डोकावता वापरतो. स्ट्रक्चरमध्ये उद्या नवा रकाना आला तरी वापरणाऱ्याचा प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा लागत नाही.

नावांच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टच्या विंडोज डॉट एचचा धडा गाजलेला आहे. त्यात मिन आणि मॅक्स ही साधी नावं मॅक्रो म्हणून आहेत. ती सी प्लस प्लसच्या मानक लायब्ररीतल्या त्याच नावांच्या फंक्शनांवर आदळतात आणि मग ‘नोमिनमॅक्स’ लिहून ती बंद करावी लागतात. उलट एसक्यूलाइट पाहा. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये सुरू केलेली ही डेटाबेस लायब्ररी आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे आणि तिचं प्रत्येक फंक्शन ‘एसक्यूलाइट३’ने सुरू होतं. शिवाय कोणती मेमरी कोणी मोकळी करायची, हे त्या हेडरच्या कॉमेंटमध्येच लिहिलेलं असतं. माझ्या मते हेडर कसं लिहावं हे शिकायला एखाद्या पाठ्यपुस्तकापेक्षा ही फाइल बरी.

आणि गरजेपुरतंच इन्क्लूड करा. लिनक्स कर्नलमध्ये हेडरांनी हेडर ओढण्याचा गुंता इतका वाढला होता की कर्नल डेव्हलपर इंगो मोलनार यांनी जानेवारी २०२२ मध्ये तो सोडवायला २,२९७ पॅच मांडले. उद्देश मुख्यतः एकच, कंपाइल व्हायला लागणारा वेळ कमी करणं.

सी प्लस प्लसच्या २०२० च्या मानकाने हेडरला पर्याय म्हणून मॉड्यूल आणले आहेत. तरीही जी लायब्ररी पायथन, जावा किंवा रस्टमधूनही वापरता यावी असं वाटतं, तिचा लेखक आजही बाहेरच्या तोंडाला साध्या सीचं हेडरच ठेवतो आणि सी प्लस प्लसवाल्यांसाठी त्यावर ‘एक्स्टर्न सी’चं कुंपण घालतो.