काळ्या दारूचं कीट

संपादकांनी हिंगोलीच्या जुन्या छावणीवर लिहायला सांगितलं. छावणीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. पगार निजामाच्या तिजोरीतून आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज होती. हिंगोली हे तिचं एक ठाणं. औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई आणि एलिचपूर म्हणजे अचलपूर ही आणखी काही. १८५३च्या तहानं या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि १९०३ साली फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. मन अडकलं ते मात्र शिपायाच्या तोसदानातल्या काडतुसात, त्यातल्या काळ्या दारूत आणि ती जळल्यावर नळीत उरणाऱ्या कीटात.

या दारूचे घटक तीनच. शंभरात साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. सोरा मुख्यतः बिहारचा. इंग्रज आणि डच तो जहाजं भरभरून नेत. कोळशाला हलकं, सच्छिद्र लाकूड लागतं. विलायतेत त्यासाठी विलो जाळत, तर बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात तुरीच्या काड्या. हिंगोलीच्या शिवारात तूर निघाली की तुराट्यांचे भारे बांधावर रचलेले दिसतात. चुलीला आणि कुडाला लागणारी ही काडी एका साम्राज्याच्या बंदुकांनाही पुरत होती.

दारू पेटली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपातच उरतो. काही पांढऱ्या धुरातून बाहेर पडतो, बाकीचा नळीच्या आतल्या अंगाला बसतो. हेच कीट. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढून घेतात आणि लोखंडाला गंज चढवतात. कोरड्या हवेत हेच कीट वाळून खरखरीत होतं आणि पुढची गोळी अडते.

१८५७च्या चरबीच्या काडतुसांचं मूळही इथेच सापडतं. एनफिल्ड रायफलीच्या आटे पाडलेल्या नळीत कीट साचलं तरी गोळी खाली उतरावी, म्हणून कागदी काडतुसाला वंगण लावत. वंगण हवं ही बंदुकीची गरज होती. ते कशाचं असावं, हा प्रश्न शिपायाच्या धर्माला भिडला आणि राज्यकर्त्यांना त्याचं गांभीर्य वेळेवर कळलं नाही. इतिहासाच्या पुस्तकात चरबी येते, पण ती लागत का होती हे सहसा येत नाही.

पुढे कागदाच्या जागी धातूची पुंगळी आली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची, हे १८५७नंतरचं धोरण. त्यामुळे गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री असताना हिंदी शिपाई स्नायडर वापरत होता. मार्टिनी-हेन्रीच्या काडतुसात ८५ ग्रेन म्हणजे साडेपाच ग्रॅम दारू भरलेली असे. पण ती एकबारी होती. दर बाराला नवं काडतूस हातानं घालायचं, त्यामुळे यंत्रात कीट गेलं तरी शिपायाला ते दिसत असे.

लागोपाठ बार काढणाऱ्या मॅगझिनच्या रायफलीत ही सोय नाही. तिथे काडतुसं आपोआप वर सरकतात, बोल्ट किंवा तरफ मागेपुढे होते आणि कीटाचा एक थर सगळं जाम करू शकतो. १८८८ साली ब्रिटिश सैन्यानं घेतलेली ली-मेटफर्ड या पेचातूनच घडली. तिचं काडतूस आधी काळ्या दारूचं होतं: साधारण ७० ग्रेन दारू दाबून केलेली एकच वडी आणि पुढे २१५ ग्रेनची गोळी. विल्यम मेटफर्डनं नळीतले आटे मुद्दाम उथळ आणि गोलसर ठेवले, कारण कोपरा दिसला की कीट तिथे बसतं. पुढे कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली. तिच्या उष्णतेनं तेच उथळ आटे झिजू लागले आणि खोल, चौकोनी आटे पाडावे लागले. एका दारूसाठी जिवापाड जुळवलेली नळी दुसऱ्या दारूनं निकामी केली.

अमेरिकेतली १८७३ची विन्चेस्टर रायफल हा या गोष्टीचा दुसरा धडा. तरफ खाली ओढून वर केली की रिकामी पुंगळी बाहेर आणि नवं काडतूस आत. तिच्या .४४-४० काडतुसात ४० ग्रेन दारू मावे. पुंगळीचं पितळ तोंडाशी इतकं पातळ की बार होताच ते फुगून नळीला चिकटतं आणि कीट मागे यंत्रात शिरत नाही. इटलीत बनणाऱ्या तिच्या प्रतिकृती घेऊन अमेरिकेत आजही नेमबाजीचे सामने होतात आणि बरेच नेमबाज काडतुसं स्वतः भरतात.

या हौसेतली कारागिरी बारकाव्यांत आहे. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहता कामा नये, नाहीतर नळीला इजा होते. दारू लांब नळीतून सावकाश ओतली की कण नीट बसतात, मग गोळी त्यांवर हलकी दाबून बसवायची. विन्चेस्टरच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक टेकलेली असतात, म्हणून गोळीचं नाक चपटं हवं. गोळी पुंगळीत आत ढकलली जाऊ नये, यासाठी मागच्या दारूचा आधार लागतोच. गोळीभोवतीच्या खाचेत मधमाश्यांचं मेण आणि चरबी यांचं मऊ वंगण भरतात. खनिज तेल चालत नाही, त्यानं कीट डांबरासारखं चिकट होतं. हे सगळं जमलं की नाही, ते नळीच्या तोंडाशी दिसतं. तिथे आट्यांच्या बरोबरीनं वंगणाची ओलसर चांदणी उमटली तर गोळी वंगणासह बाहेर पडली. चांदणी कोरडी असली तर कीट आत वाळतंय, पुढच्या बारांची खात्री उरत नाही.

आता अडचणी. दारूच्या प्रत्येक घाण्याचा जळण्याचा वेग थोडा वेगळा, म्हणून कालचं माप आज चालेलच असं नाही. दमट हवेत दारू आणि कीट दोन्ही पाणी ओढतात. बार झाल्यावर नळी त्याच दिवशी गरम पाण्यानं धुऊन, कोरडी करून तेल लावावं लागतं. क्षार पाण्यात विरघळतात, नुसत्या तेलात नाही. काळ्या दारूसाठी घडवलेल्या पुराण्या बंदुकीत बिनधुराची दारू भरणं म्हणजे बंदूक फुटण्याला आमंत्रण.

याहून मोठी अडचण कायद्याची, आणि ती रास्त आहे. आपल्याकडे काडतूस बनवायला १९५९चा शस्त्र कायदा परवाना मागतो, दारूला १८८४चा स्फोटके कायदा लागू होतो. २०१९च्या दुरुस्तीनं सामान्य परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद कायद्यात आहे, पण पुंगळीत दारू भरून प्रयोग करण्याची मोकळीक त्यात येत नाही. घरोघरी असे प्रयोग व्हावेत, असं कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

चिंता आहे ती या ज्ञानाची. ज्या जुन्या बंदुकीतून पुन्हा बार काढता येत नाही, तिला कायद्यात सूट आहे आणि संग्रहालयात जागा. तिच्याजवळच्या पाटीवर सहसा सन आणि नाव असतं. तिच्यात कोणती दारू, किती, कसलं वंगण आणि ती धुवायची कशी, हे नसतं. ते कळल्याशिवाय उथळ आटे का, पातळ पितळ का, चरबी का, याचं उत्तर मिळत नाही आणि समोर उरतं ते नुसतं लोखंड. त्यासाठी बार काढायची गरज नाही. कारखान्यांच्या नोंदी, जुनी नियमपुस्तकं आणि परदेशी हौशी नेमबाजांचा अनुभव यांतून ही माहिती गोळा करून पाट्यांवर मराठीत लिहिता येईल. मराठवाड्यातल्या छावण्यांचा इतिहास लिहिताना सेनापतींच्या नावांइतकीच जागा या कीटालाही दिली पाहिजे, कारण शिपायाची रोजची गाठ त्याच्याशीच होती.